वाचकांचे प्रश्न : सॅगने फियॉर्डचा कोणता काठ धरावा?

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या सॅगने फियॉर्डबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. गावांची नावं फ्रेंच उच्चाराच्या जवळपास लिहिली आहेत, कारण तिथल्या पाट्याही फ्रेंचमध्येच असतात.

प्रश्न : नकाशावर सॅगनेला नदी म्हटलंय आणि माहितीपत्रकात फियॉर्ड. नेमकं काय समजायचं? आणि खाडीत नि फियॉर्डमध्ये फरक तो काय?

उत्तर : दोन्ही बरोबर आहे. लाक सँ-झाँ या सरोवरातून सॅगने नदी निघते, शिकुतिमी शहरापाशी येते आणि त्याच्या थोडं पुढे, सँ-फुल्झाँसच्या आसपास, तिचा फियॉर्ड होतो. तिथून तादुसाकला सेंट लॉरेन्स नदीच्या विशाल मुखात मिसळेपर्यंतचा सुमारे १०५ किलोमीटरचा पट्टा म्हणजे सॅगने फियॉर्ड.

खाडी म्हणजे समुद्राची पातळी चढल्यावर बुडालेलं नदीचं मुख. ती बहुधा उथळ आणि गाळाची असते. फियॉर्ड हिमनदीने खरवडलेला असतो. सॅगनेच्या बाबतीत तर हिमनदीला वाट आयतीच मिळाली होती. दोन भ्रंशांच्या मधला जमिनीचा पट्टा कोट्यवधी वर्षांपूर्वी खाली बसून इथे खचदरी तयार झाली होती. बर्फ तिच्यातून सरकला, त्याने ती आणखी खोल केली, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून मागे हटला तसा समुद्र आत शिरला. म्हणून इथले काठ उतरते नाहीत, उभे आहेत. पाण्याची रुंदी बहुतेक ठिकाणी एक ते चार किलोमीटर, खोली जास्तीत जास्त २७५ मीटरच्या घरात, आणि वर कडे तीनशे मीटरच्याही पुढे जातात.

मात्र या फियॉर्डची किल्ली त्याच्या तोंडाशी आहे. तादुसाकजवळ तळ वर चढत येतो आणि पाणी जेमतेम २० मीटर उरतं. घराला असावा तसा हा उंबरठा. दर भरतीला सेंट लॉरेन्सचं थंडगार खारं पाणी हा उंबरठा ओलांडून आत येतं आणि जड असल्यामुळे थेट तळाला जाऊन बसतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून बाहेर वाहत राहतं. त्यामुळे फियॉर्डचं पाणी दोन मजली आहे : वर काही मीटरचा मचूळ थर, उन्हाळ्यात बऱ्यापैकी कोमट, आणि त्याखाली वर्षभर शून्य ते दोन अंशांच्या आसपास राहणारं खारं पाणी. खालचं पाणी भरतीबरोबर बदलत राहत असल्याने कुजत नाही, त्यात प्राणवायू टिकून राहतो. वरून तुम्हाला नदी दिसते, पण खाली जे नांदतं ते आर्क्टिक समुद्रातल्यासारखं आहे. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या दोन मजल्यांतच दडलेली आहेत.

प्रश्न : एकाच जागी दोन उद्यानं दिसतात, एक ‘राष्ट्रीय’ आणि एक ‘सागरी’. तिकीट कोणाचं काढायचं?

उत्तर : पाय जमिनीवर असतील तर पहिल्याचं. ‘फियॉर्द-द्यु-सॅगने राष्ट्रीय उद्यान’ १९८३ साली झालं. ते काठावरची जमीन सांभाळतं. नावात ‘राष्ट्रीय’ असलं तरी ते प्रांताचं आहे. क्विबेक आपल्या प्रांतिक उद्यानांनाही राष्ट्रीयच म्हणतं आणि त्यांचा कारभार ‘सेपाक’ ही प्रांतिक संस्था पाहते. म्हणून केंद्राच्या पार्क्स कॅनडाचा वार्षिक पास इथे चालत नाही. प्रवेशद्वारी हा गोंधळ वारंवार होतो.

दुसरं ‘सॅगने-सेंट लॉरेन्स सागरी उद्यान’, १९९८ चं, १,२४५ चौरस किलोमीटर. ते फक्त पाण्याचं आणि तळाचं आहे. भरतीची रेषा ही त्याची हद्द. केंद्र आणि प्रांत दोघांनी एकसारखे कायदे करून ते उभं केलं, कारभारही दोघांचा मिळून चालतो. फियॉर्डमध्ये ते काप-आ-लेस्त या भूशिरापर्यंत येतं, त्याच्या वरचं पाणी उद्यानाबाहेर. सागरी उद्यानात शिरायला फाटक नाही, पण नियम आहेत आणि ते पाण्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला लागू आहेत.

सेपाकचं दिवसाचं प्रवेशशुल्क माणशी असतं आणि ते आधी ऑनलाइन भरता येतं. एका दिवसात दोन विभाग पाहणार असाल तर पावती जपून ठेवा, ती त्या दिवशी दुसऱ्या विभागातही दाखवता येते.

प्रश्न : जुलैत क्विबेक शहरातून गाडीने निघणार आहोत, हातात तीन दिवस. नकाशावर रिव्हियेर-एतेर्निते आणि सँत-मार्गरीत उपसागर समोरासमोरच वाटतात. दोन्ही एका दिवसात होतील ना?

उत्तर : होणार नाहीत. बहुतेकांची सहल इथेच फसते. शिकुतिमीचा द्युबुक पूल सोडला की खाली तादुसाकपर्यंत फियॉर्डवर एकही पूल नाही. समोरच्या काठावरचं घर डोळ्यांनी दिसतं, पण गाडीने तिथे जायला एक तर वर शिकुतिमीला वळसा, नाही तर खाली तोंडाशी फेरी. त्यामुळे आधी काठ ठरवा, मग ठिकाणं.

दक्षिण काठाला १७० क्रमांकाचा रस्ता आहे. त्यावर रिव्हियेर-एतेर्निते, लाँस-सँ-झाँ आणि पती-सॅगने ही गावं लागतात. उंच कडे पाहायचे तर हा काठ. उत्तर काठाला १७२ क्रमांकाचा. त्यावर सँत-रोझ-द्यु-नोर, सँत-मार्गरीत उपसागर आणि साक्रे-कर. बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, आणि शांतता हवी असेल तर हा. दोन्ही रस्ते बऱ्याच भागात पाण्यापासून दूर, जंगलातून जातात. फियॉर्ड पाहायचा तर प्रत्येक गावात मुद्दाम खाली उतरावं लागतं. नुसतं हायवेने गेलं तर झाडंच दिसतात आणि मग ‘एवढं काय त्यात’ म्हणत लोक परततात.

तीन दिवसांत वळसा पूर्ण करता येतो, तो असा. पहिल्या दिवशी १३८ क्रमांकाच्या रस्त्याने सेंट लॉरेन्सच्या काठाकाठाने बे-सँत-काथरीनला या, फेरीने तादुसाक गाठा आणि मुक्काम तिथेच करा. ही फेरी मोफत आहे, चोवीस तास चालते आणि पलीकडे जायला दहाएक मिनिटं लागतात. वेळ जातो तो रांगेत. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर रांग लांबते, सकाळी लवकर गेलात तर सरळ आत. धक्क्याकडे जाणारा उतार दोन्ही बाजूंनी तीव्र आहे. गाडी खालच्या गिअरवर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

दुसऱ्या दिवशी १७२ ने सँत-मार्गरीत, मग सँत-रोझ-द्यु-नोर, आणि रात्री शिकुतिमी किंवा ला बे. तिसऱ्या दिवशी १७० ने रिव्हियेर-एतेर्निते आणि लाँस-सँ-झाँ करून सँ-सिमेओंला पुन्हा १३८ ला लागा. साक्रे-कर ते सँ-फुल्झाँस या टप्प्यात पेट्रोलची सोय विरळ आहे आणि मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, तेव्हा टाकी तादुसाकलाच भरा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. संध्याकाळनंतर मूस, म्हणजे तिथली अवाढव्य हरणं, रस्त्यावर येतात. मूसचे पाय इतके उंच की धडक बसली तर त्याचं धड थेट काचेवर येतं. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

प्रश्न : काप त्रिनिते या कड्यावरच्या पुतळ्यापर्यंत सासूबाई-सासऱ्यांना नेता येईल का? दोघांचेही गुडघे दुखतात.

उत्तर : पायवाटेने नको. रिव्हियेर-एतेर्नितेजवळच्या बे-एतेर्निते या उपसागरापासून पुतळ्यापर्यंत जाऊन-येऊन सात-साडेसात किलोमीटर होतात. अंतराचं काही नाही, पण चढ जवळजवळ सगळा पहिल्या निम्म्यात आहे आणि बराचसा लाकडी पायऱ्यांचा. धडधाकट माणसाला थांबत-थांबत तीन ते चार तास पुरतात. गुडघ्यांची परीक्षा चढताना कमी आणि उतरताना जास्त होते. पाऊस पडून गेला असेल तर पायऱ्यांवर शेवाळं निसरडं होतं, खडकांतली मुळं तर त्याहून. पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर खालूनच न्या.

आणखी एक गोष्ट पायवाटेच्या पाटीवर लिहिलेली नसते. पुतळ्यापाशी पोचल्यावर तुम्ही त्याच्या पायाशी असता, पुतळा तुम्हाला मान वर करून बघावा लागतो आणि कडा तर पायाखालीच असतो. काप त्रिनितेचे एकावर एक तीन टप्पे दिसतात ते पाण्यावरूनच. म्हणजे ज्येष्ठांना बोटीतून नेणं ही तडजोड ठरत नाही, उलट त्यांना जास्त चांगलं दिसेल. बोटी बे-एतेर्निते, लाँस-सँ-झाँ आणि ला बे इथून सुटतात. बोटीवर जुलैतही जाकीट आणि कानटोपी हवी.

पुतळा कोणाचा, हेही विचारलंय. शार्ल-नापोलेओं रोबिताय नावाचा फिरता विक्रेता हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून जाताना बर्फ फुटून पाण्यात पडला. वाचलो तर मेरीमातेचा पुतळा उभारीन, असा त्याने नवस केला होता. लुई जोबँ या शिल्पकाराने पांढऱ्या पाइनच्या लाकडात तो कोरला आणि १८८१ साली तो कड्यावर उभा राहिला. उंची नऊ मीटरच्या आसपास. लाकूड टिकावं म्हणून त्यावर शिशाचा पत्रा मढवलेला आहे. अखंड पुतळा वर चढेना, म्हणून तुकडे करून वर नेला आणि तिथे जोडला. शिसं मऊ आणि जड असल्याने ते ठोकून लाकडाच्या प्रत्येक चुणीवर बसवता येतं. दुर्बिणीतून पाहिलंत तर वस्त्राच्या घड्यांवरचा राखाडी पत्रा नीट दिसतो.

बोटीच्या वेळा जुळल्या नाहीत, तर लाँस-सँ-झाँजवळचं ताबातियेर हे ठिकाण करा. गाडी जवळजवळ कड्यापर्यंत जाते, पुढे थोडंसंच चालणं, आणि समोर फियॉर्ड दोन्ही दिशांना उघडा पडतो. याच गावातला लाकडी छपराचा पूलही पाहून घ्या. १९५४ च्या मालिकेतल्या कॅनडाच्या हजार डॉलरच्या नोटेवर या लाँस-सँ-झाँचंच चित्र होतं.

प्रश्न : बेलुगा नक्की दिसतील अशी जागा आणि वेळ सांगा. बोटीने जवळ नेतात का?

उत्तर : ‘नक्की’ हा शब्द तेवढा काढून टाका. बाकी जागा सांगतो : सँत-मार्गरीत उपसागर, जून अखेर ते सप्टेंबर. स्वागतकेंद्रापासून साधारण तीन किलोमीटरची बरीचशी सपाट वाट ‘आल्त द्यु बेलुगा’ या सज्जापर्यंत जाते. येऊन-जाऊन सहा किलोमीटर, लहान मुलंही चालतात. बेलुगा इथे का थांबतात याची कारणं अनेक दिली जातात. निरीक्षकांना दिसतं ते एवढंच की माद्या पिल्लांसह या उपसागरात येऊन तासन्‌तास रेंगाळतात.

बोटीने जवळ जाण्याचा विचार सोडा. २१ जून ते २१ सप्टेंबर या काळात या उपसागरात होड्यांना बंदी आहे, त्यात कयाकही आली. एरवीही सागरी उद्यानात बेलुगापासून ४०० मीटर लांब राहावं लागतं. देवमासे दाखवणाऱ्या सहलींना बेलुगाकडे बोट वळवता येत नाही. सेंट लॉरेन्सचे बेलुगा कायद्याने ‘संकटग्रस्त’ आहेत, अलीकडच्या सरकारी गणनेत त्यांचा अंदाज १,८५० च्या आसपास आहे. ते एकमेकांशी आवाजाने बोलतात, पिल्लू आईचा माग आवाजावरून काढतं, आणि इंजिनाच्या घरघरीत ते बोलणं बुडून जातं. म्हणून इथे काठ हीच सगळ्यात चांगली बोट आहे.

ओळखायची खूण : लाटेचा फेस पांढरा होतो आणि विरतो, बेलुगाची पाठ पांढरी वर येते, गोल वळते आणि तशीच गुळगुळीत खाली जाते. पाठीवर उभा पर नसतो. पांढरा ठिपका त्याच जागी दोनतीन सेकंद टिकून पुन्हा थोडा पुढे उगवला, तर तो बेलुगा. पिल्लं पांढरी नसतात, राखाडी असतात आणि पांढरं व्हायला त्यांना कितीतरी वर्षं लागतात. त्यामुळे पांढऱ्या पाठीला खेटून काहीतरी गडद हलताना दिसलं तर नजर तिथेच ठेवा. ८×४२ची दुर्बीण पुरते. वारा पडलेली सकाळ निवडा, कारण वाऱ्यात फेसाचे हजार बेलुगा होतात.

मोठे देवमासे, म्हणजे मिंक, फिन, हंपबॅक आणि क्वचित निळा, फियॉर्डच्या आत शोधू नका. ते तोंडाबाहेर सेंट लॉरेन्समध्ये असतात. तिथे समुद्रतळावरची खोल दरी तादुसाकजवळ येऊन अचानक संपते, थंड पाणी वर उसळतं आणि त्याबरोबर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीवही. तादुसाकची ‘प्वँत द लिस्ले’ ही खडकाळ वाट छोटी आणि फुकट आहे. तिथून मिंक बऱ्याचदा हाकेच्या अंतरावर दिसतो.

प्रश्न : आम्ही दोघं तलावात कयाक चालवतो. फियॉर्डमध्ये आपले आपण दोन दिवस जावं का?

उत्तर : पहिल्यांदा तरी वाटाड्याबरोबरच. तलावाच्या सवयीने इथे तीन ठिकाणी दगा होतो.

पहिलं म्हणजे पाणी. वरचा मचूळ थर उन्हाळ्यात हाताला बरा लागतो आणि माणूस गाफील राहतो. तोंडाकडे मात्र उंबरठ्यावर दोन्ही मजले घुसळले जातात आणि वरचं पाणीसुद्धा थंड होतं. सकाळी वरच्या अंगाला टी-शर्टवर निघालेला माणूस दुपारी तोंडाजवळ उलटला, तर हातपाय आखडायला फार वेळ लागत नाही. कपडे हवेच्या हिशेबाने घालू नका, पाण्याच्या हिशेबाने घाला : वेटसूट तरी हवाच, तोंडाकडे जाणार असाल तर ड्रायसूट.

दुसरं, वारा. दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे फियॉर्ड म्हणजे एक लांबलचक नळी. दुपारी वारा तिच्यातून वाढत जातो. तो भरतीच्या प्रवाहाच्या उलट वाहू लागला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि पसरट तलावी कयाक त्यांत डगमगते. निघा पहाटे, अकरापर्यंत टप्पा संपवा, दुपार काठावर काढा. ओहोटी तोंडाच्या दिशेने ओढते, म्हणून खाली जाताना ती साथीला घ्या.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काठाला लागायला जागा नसणं. कित्येक किलोमीटर नुसता नीस आणि ग्रॅनाइटचा उभा खडक. ‘दमलो की थांबू’ हे इथे चालत नाही. निघण्याआधी नकाशावर प्रत्येक उतरण्याजोग्या ‘आँस’वर, म्हणजे छोट्या उपसागरावर, खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर तुमच्या तासाभराच्या वल्हवण्याहून जास्त असेल तर तो टप्पा सोडा. उद्यानाचे तंबूचे चौथरे आधी राखून ठेवावे लागतात.

तंबूपाशी पोचल्यावरची चूक वेगळीच. उधाणाच्या भरतीला इथे पाणी पाच-सहा मीटर चढतं. ओहोटीला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली कयाक रात्री बाराला तरंगून निघून जाते. काठावर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची एक ओळ असते. कयाक तिच्याही वर न्या आणि झाडाला बांधा.

तोंडापाशी, फेरीच्या वाटेवर, ओहोटीचा प्रवाह सहा-सात नॉट्सपर्यंत जातो. कयाकने तो कापता येत नाही. तादुसाकच्या आधीच, लाँस-द-रोशला बाहेर पडा.

प्रश्न : फियॉर्डचं पाणी फोटोत चहासारखं दिसतं. प्रदूषण आहे का?

उत्तर : रंगाचा आणि प्रदूषणाचा संबंध नाही. जंगलातला पालापाचोळा आणि दलदली यांतला टॅनिन नदीतून येतो, अगदी चहासारखाच. त्या रंगामुळे उजेड काही मीटरांतच विरतो. म्हणून एरवी खूप खोल राहणारे प्राणी इथे कमी खोलीवर आढळतात.

प्रदूषण होतं, पण ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. विसाव्या शतकात वरच्या अंगाच्या एका रासायनिक कारखान्यातून आलेला पारा तळाच्या गाळात साचला. जुलै १९९६ च्या महापुराने या भागात हाहाकार उडवला, त्याच पुराने तळावर स्वच्छ माती-वाळूचा थर अंथरला आणि पाऱ्याचा गाळ त्याखाली गाडला गेला. अशी सफाई कोणी ठरवून केली नसती.

प्रश्न : डास फार असतात म्हणे?

उत्तर : डासांपेक्षा काळ्या माश्या जास्त. मे अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. त्या कानामागे आणि केसांच्या कडेला चावतात. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पँट मोज्यात खोचा. ऑगस्ट अखेरीनंतर त्रास जवळपास संपतो. पानांचे रंग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरात असतात.

प्रश्न : हिवाळ्यात बर्फावर मासेमारी करतात ते कुठे? नवख्याला जमेल का? आणि पकडलेला मासा परत सोडता येतो का?

उत्तर : ला बे इथल्या ‘हा! हा!’ उपसागरात. नाव हसण्यावरून पडलेलं नाही, जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ पुढे वाट नसलेली जागा. साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फावर रंगीत खोपट्यांची गावंच उभी राहतात. शेगडी, भोकं आणि गळ यांसह खोपटं भाड्याने मिळतं. परवाना आणि दिवसाची मर्यादा मात्र दर हंगामाला बदलते, ती खोपटं देणाऱ्याकडून लेखी घ्या.

बर्फावर जाताना किनाऱ्यालगतच्या भेगेवर लक्ष ठेवा. खालची भरती-ओहोटी संपूर्ण बर्फाला दिवसातून दोनदा वर-खाली करते, मधला बर्फ सलग तरंगतो आणि काठाला चिकटलेला जागच्या जागी तुटतो. त्या पट्ट्यावर पाणी साचलेलं असतं. पलीकडे जायचं तर ठेवलेल्या फळ्यांवरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच.

उथळात गळाला एपर्लाँ हा लहानसा मासा लागतो. खोलात कॉड आणि सेबास्त, म्हणजे लालभडक, मोठ्या डोळ्यांचा मासा. दोन मजल्यांमधला खालचा मजला त्यांचा. गळ तळाला टेकवा, मग अर्धा मीटर वर घ्या आणि हलके झटके द्या. सेबास्त जोरात ओढत नाही, दोर नुसता जड होतो, तेव्हा नवख्याला तो कळतच नाही.

परत सोडण्याचं म्हणाल, तर सेबास्त सोडून उपयोग नाही. खोल पाण्यातून वर येताना दाब झपाट्याने उतरतो, त्याची हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि जठर तोंडात येतं. भोकात सोडलेला मासा उलटा होऊन बर्फाखाली तरंगत राहतो. त्यामुळे मर्यादेएवढे झाले की गळ गुंडाळा किंवा उथळातल्या एपर्लाँकडे वळा.